तळीखालचा उजवा हात

माझा धाकटा भाऊ बसवंत जन्मला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं आईला विचारलं होतं म्हणे, "अम्मा, ह्याला थेट शाळेतच पाठवायचं का?" एवढा तो दांडगा. पुढेही त्यानं त्या नर्सचा शब्द खाली पडू दिला नाही. सहावीत त्याला आमच्या वडिलांचे शर्ट होऊ लागले आणि दहावीत ते होईनासे झाले. अभ्यासाचं म्हणाल तर त्या बाबतीत तो आणि पुस्तक एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. वडील, खंडोजी, यशवंतपूरच्या कांदा-बटाट्याच्या मंडीत तोलार होते, म्हणजे काट्यावर पोती तोलायची नोकरी. बसवंतही तिथंच लागला. दोन हमाल मिळून लॉरीतून जे पोतं उतरवायचे ते हा एकटा, गप्पा मारत उतरवायचा. मंडीत त्याला 'आने' म्हणायचे, कन्नडमध्ये हत्ती. त्याला त्याचं काही वाटत नसे. वाईट मला वाटायचं, कारण हत्तीची बहीण म्हणून लोक मलाही निरखून बघत.

मी संध्या. तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची नोकरी, म्हणून घरी आल्यावर मी कुणाचं ऐकत नसे, आईचं तर नाहीच. आई अंबुबाई. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळूरला आले, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. फौजेत ते काय करत होते हे कुणालाच ठाऊक नाही. माझा अंदाज, घोड्यांना हरभरा घालत असावेत. पण आईसमोर असं म्हणायची सोय नव्हती.

मंडीच्या पलीकडे फौजेचं एक मैदान होतं. मंडीत ताडपत्र्या विकणारे एक निवृत्त सुभेदार तिथं संध्याकाळी पोरं जमवून रग्बी खेळायचे. एक दिवस त्यांनी बसवंतला दोन बटाट्याची पोती काखेत मारून चालताना पाहिलं.

"पळता येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

"उत्तम. ढकलता येतं का?"

शेजारी उभी असलेली, ब्रेक लावलेली, कांद्यानं भरलेली हातगाडी बसवंतनं ढकलून दाखवली. त्या दिवसापासून तो सुभेदारांचा झाला.

हा खेळ म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. काम सोडून हा रोज संध्याकाळी चिखलात लोळायला जातो एवढंच कळत होतं. एकदा त्याची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून मी थेट मैदानावर गेले. तिथं आठ माणसं आठ माणसांसमोर वाकून उभी होती. पुढच्या रांगेतल्या तिघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले होते आणि त्यांच्या मागे बाकीचे मुंडकं घालून खोचलेले होते. सुभेदारांनी हाळी दिली आणि दोन्ही बाजू एकमेकांवर आदळल्या. तो आवाज मी आजवर कुठं ऐकलेला नाही. मंडीत पोतं पडतं तेव्हा धप्प होतं, पण पोत्याला श्वास नसतो. इथं सोळा माणसांचा श्वास एकदम बाहेर पडला. मग सगळं थांबलं. कुणी हलेना. सोळा माणसं सगळ्या ताकदीनिशी ढकलतायत आणि कुणीच हलत नाही! थंडीचे दिवस होते, त्यांच्या पाठींतून वाफ निघत होती. आणि मग अगदी सावकाश, इंच इंच, पलीकडची बाजू मागे सरकू लागली. कारण आमच्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यात माझा भाऊ होता.

मी खरडपट्टी काढायची विसरले. घरी येऊन आईला म्हणाले, "त्याला जाऊ दे गं रोज." आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्या कोपऱ्यातल्या माणसाला प्रॉप म्हणतात. गोल करणं, चेंडू घेऊन धावणं, हे त्याचं काम नव्हे. शेजारचा मधला गडी त्याच्या आणि दुसऱ्या प्रॉपच्या खांद्यांवर अक्षरशः लटकलेला असतो, दोन्ही हात अडकलेले, मान पुढे. प्रॉपचा खांदा ढासळला तर आख्खा डोंगर त्या मधल्याच्या मानेवर येतो. म्हणून प्रॉपनं पडायचं नाही, एवढंच. बसवंत पडत नसे. त्याच जोरावर तो आधी कर्नाटकात आणि मग नव्वदीच्या शेवटाकडच्या एका डिसेंबरात देशाच्या शिबिरात पोचला.

शिबिर त्याच आमच्या मैदानावर होतं. महिन्याभरानं आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा परदेशात व्हायची होती आणि तिथं भारताचा संघ पहिल्यांदाच जाणार होता. आपल्याकडे क्रिकेटच्या बाराव्या गड्यालाही लोक ओळखतात. ह्या पोरांना मात्र रिक्षावाला विचारायचा, "रग्बी म्हणजे? अमेरिकेत असतं ते?" पण ती पोरं बघून माझी मान आपोआप वर जायची. कलकत्त्याचा एक अँग्लो-इंडियन होता, सगळे त्याला बाबू म्हणत. इतका उंच की आमच्या दारातून घडी घातल्यासारखा आत यायचा. पंजाबचा एक सरदारजी होता. मधल्या जागेवर खेळणारा चेन्नईकडचा एक हवालदार होता, बुटका, गप्प, लोखंडी कांबीसारखा. सगळे मिळून एकच गोष्ट बोलत: आपला स्क्रम, म्हणजे ती आठ जणांची ढकलणारी फळी, मागे जाता कामा नये. जिंकू-हरू ते नंतर. पहिल्यांदा चाललोय, तर मागे रेटलेले लोक म्हणून परत यायचं नाही.

आणि मुंबईचा रणजीत होता. तोही प्रॉप, तोही उजवीकडचा. विमानात जागा मोजक्या, त्यामुळे बसवंत आणि रणजीत यांतला एकच जाणार होता. नावं सोमवारी जाहीर व्हायची होती. मला रणजीतचा राग राग यायचा. त्यातून तो गोड बोलायचा, म्हणजे रागवायचीही पंचाईत.

शिबिर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून बसवंत अधूनमधून घरी यायचा. एका दुपारी मी परसात गेले तर हा दोरीवरचा टॉवेल डाव्या हातानं ओढत होता. उजवा हात नुसता लोंबत होता. मला शंका आली.

"बसू, हात वर कर."

"कशाला की?"

"कर म्हणते ना."

त्यानं उजवा हात उचलला. खांद्याच्या रेषेत आला आणि तिथंच अडकला. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"कधी झालं?"

"दसऱ्याच्या गर्दीत. लॉरीवरनं पोतं निसटलं, झेलायला गेलो." मग हसून म्हणाला, "अक्का, ढकलायला हात वर न्यावा लागत नाही. खांद्याएवढा पुरतो. लाइनआउटला, म्हणजे बाहेरनं चेंडू फेकतात तेव्हा, तो झेलायला उंच पोराला उचलायचं असतं, तिथं मी दुसऱ्याला पुढं करतो. कुणाला कळलेलं नाही."

"कोचना सांग."

"सांगितलं तर रणजीत जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का. पंधरा वर्षं ढकलतोय मी. एकदा, फक्त एकदा, पाठीवर 'इंडिया' लिहिलेला शर्ट घालून ढकलू दे. मग हात तुटून पडला तरी चालेल."

आमच्या घरात कुणी कधी काही मागितलं नव्हतं. मागायचं कुणाकडे हा प्रश्न होता. त्यामुळे त्यानं असं तोंड उघडून मागितल्यावर मला कोचचं नाव पुन्हा काढवेना. मी त्याचा टॉवेल दोरीवरून काढून दिला आणि गप्प बसले.

पण आई गप्प बसणारी नव्हती. दोनच दिवसांवर चंपाषष्ठी आली होती आणि आमच्या घरचं दैवत मैलारचा मल्हारी, म्हणजे खंडोबा. त्या दिवशी वांग्याचं भरीत, भाकरी, कांद्याची पात यांचा नैवेद्य आणि तळी. तांब्याच्या ताटात भंडारा, खोबरं, सुपारी ठेवायची आणि पाच पुरुषांनी उजव्या हातांनी ते ताट खालून धरून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत तीनदा वर उचलायचं. सगळीकडे असतं तसंच. पण आमच्या घरात दोन गोष्टी जास्तीच्या. कुणाचाही हात ताटापासून सुटायचा नाही, सुटला तर तळी मोडली. आणि तिसऱ्या उचलीला ताट पाचांतल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यावरून गेलं पाहिजे. हे कुणी ठरवलं माहीत नाही, बहुतेक त्या हरभरा घालणाऱ्या पूर्वजानंच.

वडील गेल्यापासून चुलते दामोदर आणि त्यांच्या मुलांशी आमची जागेवरून भाऊबंदकी सुरू होती. पाच पुरुष आणायचे कुठून? मी लगेच म्हणाले, "मग या वर्षी तळी राहू दे."

"राहू दे?" आई भडकली. "पोरगा देशाकडनं चाललाय आणि तळी न उचलता जाईल? मल्हारीला तोंड कुठनं दाखवू मी?"

"दामोदरकाकांना बोलव मग."

"त्यांच्या दारात मी मेले तरी जायची नाही. बसू, तू बघ स्वल्प. तुझ्याकडे एवढे गडी आहेत की!"

आईला वाटलं, आपण केवढा तोडगा काढला. बसवंतनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. आईला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. "सरी," तो म्हणाला, म्हणजे बरं.

नंतर मला बाजूला घेऊन सांगतो, "टाचा उंच करतो, कोपर वाकवतो, बोटं नुसती लावून ठेवतो. जमतंय बघ." डोंगराएवढा देह आणि अक्कल मोहरीएवढी, असं मी त्याला सांगितलं. त्यानं ते मान्य केलं.

चंपाषष्ठी रविवारी आली होती आणि शिबिराला सुट्टी होती. दुपारी चौघे आले: बाबू, सरदारजी, हवालदार आणि रणजीत. रणजीतलाच कशाला आणलं म्हणून मी बसवंतला डोळ्यांनी भाजून काढलं. तो पुटपुटला, "मराठी येणारा तोच एक आहे, येळकोट कोण म्हणणार?" चौघे आत आल्यावर आमचं माजघर भरून गेलं. आई त्यांच्याकडे वर मान करून बघतच राहिली. तिनं चौघांच्या कपाळाला भंडारा लावला. बाबूच्या कपाळापर्यंत पोचायला तिला पाटावर चढावं लागलं. तो जीझसला मानणारा, सरदारजी गुरूंना मानणारा, पण दोघांनी डोळे मिटून असा भंडारा लावून घेतला की मला एकदम भरून आलं. सरदारजीनं पगडीला लागलेला पिवळा डागही पुसला नाही.

"काकू, प्रोसीजर एकदा सांगा ना," रणजीत म्हणाला. "मी मुंबईचा. आमच्याकडे सगळं गुरुजींना आउटसोर्स."

आईनं सांगितलं, त्यानं बाकीच्यांना हिंदी-इंग्रजीत समजावलं. हात सोडायचा नाही, तीनदा, शेवटी बाबूच्या डोक्यावरून. हवालदारानं प्रत्येक गोष्टीला लष्करी मान हलवली. पाच उजवे हात ताटाखाली गेले. एवढंसं आमचं ताट, त्या पंजांत हरवून गेलं. मी खांबाला टेकून, बसवंतच्या खांद्यावर नजर ठेवून उभी होते.

"सदानंदाचा!" आई ओरडली.

"येळकोट!" ताट छातीपर्यंत आलं.

"सदानंदाचा!"

"येळकोट!" ताट खांद्यापर्यंत आलं. बसवंतचा चेहरा ताठरला. आता सगळा खेळ पुढच्या हातभर अंतराचा होता. बाबूचं डोकं कुठल्या कुठं वर, आणि रानटी ताकदीचे ते चार हात काही हळू जाणारे नव्हते.

"सदानंदाचा!"

चार हात वर गेले. पाचवा खांद्याशी अडकला. बसवंत चवड्यांवर उठला, बोटं ताणली, तरी बोटं ताटाच्या काठावर कशीबशी, आणि ताट त्याच्याकडे कललं. भंडारा घसरला आणि त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, छातीवर सांडला. येळकोट कुणाच्या तोंडून निघालाच नाही. बसवंतनं डोळे घट्ट मिटले होते. दुखण्यानं की लाजेनं, मला सांगता यायचं नाही. पण बोटं सोडली नव्हती.

आता चौघांना कळलं होतं. आणि रणजीत त्याच्या अगदी शेजारी होता. त्यानं त्या अडकलेल्या खांद्याकडे बघितलं. मी रणजीतकडे बघत होते. सोमवारची जागा त्याच्यापुढे ताटात वाढून ठेवल्यासारखी होती. काही करायचीही गरज नव्हती, नुसतं उभं राहिलं की झालं.

"होल्ड!" रणजीत ओरडला. "हात कोणी सोडू नका! लेफ्ट आर्म, लेफ्ट! उचला ह्याला!"

काय झालं ते कळायला मला वेळ लागला. चौघांनी उजवे हात ताटाखाली तसेच ठेवून गुडघे वाकवले आणि चार डावे हात बसवंतच्या मांड्यांखाली घातले. हवालदार पुढून, मान वाकवून खांद्यानिशी, सरदारजी मागून, रणजीत आणि बाबू दोन्ही बाजूंनी. लाइनआउटला हेच करतात ते, हलक्या, उंच पोराला हवेत उचलून धरतात. पण प्रॉपला कुणी उचलत नाही. प्रॉप उचलणारा असतो. मंडीचा काटा मोडेल एवढा तो गडी, ज्यानं पंधरा वर्षं दुसऱ्यांना वर पाठवलं होतं, तो जमिनीवरून उठला. सावकाश उठला. जरासुद्धा हिसका नाही. चौघांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. बसवंतचा हात खांद्याच्या रेषेतच होता, तसाच सरळ समोर, पण आता ती रेष बाबूच्या डोक्याच्या वर होती. ताट सरळ झालं. कौलांखालच्या वाशाला टेकेल इतकं वर गेलं. पाची उजवे हात त्याला लागलेले होते.

आईचं तोंड उघडंच राहिलं होतं. देव प्रत्यक्ष आला असता तरी तिचा चेहरा वेगळा झाला नसता. मग तिला आठवलं आणि ती किंचाळली, "सदानंदाचा!"

"येळकोट!" मीही ओरडले. बायकांनी ओरडायचं की नाही, कुणाला पर्वा होती? माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

वर, पिवळ्याजर्द तोंडानं, बसवंतनं डोळे उघडले होते. तो ताटाकडे बघत नव्हता. खाली बघत होता.

जेवताना कुणी खांद्याचा विषय काढला नाही. भरीत-भाकरीचा फन्ना उडाला, सरदारजीनं कांद्याची पात जुड्यांनी खाल्ली. जाताना रणजीत माझ्याजवळ थांबला. "ताई, मी काही पाहिलेलं नाही," तो म्हणाला. "अँड आय मीन इट. त्याचं तो ठरवेल." एवढे दिवस मी त्या पोराचा राग केला होता. मी त्याला उरलेलं भरीत डब्यात घालून दिलं. मला दुसरं काय येतं!

ते गेल्यावर बसवंत बराच वेळ तोंड धूत बसला. मग म्हणाला, "अक्का, गाडी काढ."

माझ्या कायनेटिकवर मागे हत्ती बसला की पुढचं चाक हवेत तरंगतं. तशा वरातीत आम्ही मैदानावर कोचच्या खोलीशी पोचलो. कोच करड्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. बसवंतनं उभ्या उभ्या सांगून टाकलं, खांदा, पोतं, दसरा, सगळं. मोडक्या हिंदीत, नजर जमिनीवर.

कोचनी हातातली यादी खाली ठेवली. मग विचारलं, "उद्या नावं आहेत. तुझं घालणार होतो मी. आज का सांगतोयस?"

बसवंतनं वर बघितलं.

"साहेब, स्क्रममध्ये मान खाली असते. गवत दिसतं, आपले बूट दिसतात. शेजारच्याचं काही दिसत नाही. आज पोरांनी मला उचललं. मी वरनं खाली बघितलं तर हवालदार माझ्या मांडीखाली खांदा घालून उभा होता. त्याची मान दिसली मला. मागनं. एवढीशी आहे, साहेब." त्यानं डाव्या हाताची बोटं जरा वाकवून दाखवलं. "इतकी वर्षं शेजारी खेळून मी ती कधी बघितलीच नव्हती. मला वाटायचं, गेला तर माझा खांदा जाईल."

कोच उठले, त्याच्यापाशी आले आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. माझ्यासमोर माझ्या भावाचं आयुष्यभराचं स्वप्न संपलं होतं आणि मला त्याच्याकडे बघताना भीती वाटावी इतका तो मोठा वाटत होता. लहानपणी मी ह्याला शेंबूड पुसायला शिकवलं होतं!

सोमवारी रणजीतचं नाव लागलं. आईला आम्ही इतकंच सांगितलं की हात दुखावलाय. ती एक दिवस मल्हारीशी बोलली नाही.

मला वाटलं, हा आता मंडीत जाईल आणि मैदानाकडे पाठ फिरवेल. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो बूट घालून निघाला. कोचनी त्याला काम दिलं होतं म्हणे. काय काम, सांगेना. संघ निघायच्या सकाळी आईला निरोप द्यायला जायचं होतं, म्हणून मी तिला घेऊन मैदानावर गेले, तेव्हा ते काम बघितलं.

स्क्रमच्या सरावाला एक लोखंडी घसरगाडी असते. चाकं नसलेली, पुढे गाद्या लावलेली. आठ जण तिला खांदे लावून रेटतात. वजनासाठी तिच्यावर वाळूची पोती टाकतात. कोचनी पोती काढून टाकली होती आणि तिच्यावर बसवंतला उभं केलं होतं. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हातानं त्यानं दांडा धरला होता आणि तोंड त्या आठ जणांकडे होतं. समोर, खाली, त्याच्या जागेवर रणजीत वाकला होता. मध्ये हवालदार.

"या!" बसवंत ओरडला.

आठही आदळले. घसरगाडीनं जमिनीला चर पाडला आणि ती मागे सरकली. बसवंत वरून ओरडत होता, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "रणजीत, कंबर खाली! आणखी खाली! हवालदाराला सोडू नको, धर त्याला! हां! या! या!" गवत उपटत, माती उसवत ते येत होते, पाय थरथरत होते, आणि तो माझा भाऊ, पाठमोरा, आमच्याकडे सरकत येत होता.

"संध्ये," आईनं माझा हात घट्ट धरला. "हे सगळे बसूला मागं का गं ढकलतायत?"

"तोच ढकलून घेतोय, आई."

"आपल्याच लोकांकडनं?"

ते रेषेपर्यंत आले आणि गवतावर कोसळले. हवालदार उताणा पडून, मान इकडून तिकडे फिरवून, धापा टाकत हसत होता. बसवंत खाली उतरला, डाव्या हातानं त्यानं रणजीतला ओढून उभं केलं आणि त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुन्हा पडायचा राहिला. मग आमच्याकडे वळला. घामानं आणि मातीनं चेहरा ओळखू येत नव्हता.

"बघितलंस, अक्का?" तो म्हणाला. "मला हलवलं यांनी. मला! आता जगात कोण ह्यांना मागं सारतंय ते बघू."

आणि मग तो घसरगाडीच्या लोखंडावर बसला आणि सगळ्या संघादेखत मोठमोठ्यानं रडला. आई जाऊन त्याच्या शेजारी बसली. बाबू, सरदारजी, हवालदार, सगळे भोवती उभे राहिले. बस येऊन हॉर्न वाजवत होती, पण कुणी आधी जाऊन चढेना.